हाडांतला ओलावा

मंडळी, बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय काढा. ईयोब म्हणजे निर्दोष असून सगळं गमावलेला माणूस. दुष्टाचं वाटोळं होतंच, असा त्याच्या मित्रांचा धोशा चाललाय. ईयोब म्हणतो, कुठे होतं? एक माणूस सुखात मरतो, त्याची हाडं मज्जेने ओलसर असतात. दुसरा कडू मनाने मरतो, त्याने सुखाचा घासही चाखलेला नसतो. दोघेही मातीतच पडतात. इथे मज्जा म्हणजे शब्दशः हाडाच्या पोकळीतला मऊ गर. धष्टपुष्ट शरीराची ती खूण आहे, आणि ईयोबाचा राग असा की ती खूण चांगुलपणा बघून मिळत नाही.

या ओलाव्यावर मला जरा थांबायचंय. बायबलच्या त्या देशात, इस्राएलात, उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतोच. त्यामुळे ओलं म्हणजे जिवंत, कोरडं म्हणजे मरणाच्या वाटेवरचं. नीतिसूत्रे तिसऱ्या अध्यायात म्हणतात, परमेश्वराचं भय धर, म्हणजे हाडांना तजेला येईल. आणि सतराव्यात म्हणतात, खचलेलं मन हाडं सुकवतं. बत्तिसाव्या स्तोत्रातल्या माणसाने पाप लपवलं, तर त्याची हाडं झिजली आणि अंगातला रस उन्हाळ्यात आटावा तसा आटला. यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसलेल्या खोऱ्यातली हाडं ‘अतिशय शुष्क’ आहेत. गंमत बघा, त्यांच्यावर स्नायू येतात, मांस येतं, कातडी येते, शेवटी श्वास येतो. मज्जेचा उल्लेखच नाही!

आता पानात वाढलेली मज्जा. मटणातली नळी ताटात आपटून मगज काढणाऱ्यांना यशयाचा पंचविसावा अध्याय समजावून सांगावा लागणार नाही. परमेश्वर डोंगरावर सर्व राष्ट्रांना मेजवानी देतो, तिथे मज्जेने भरलेले पदार्थ आहेत आणि गाळलेला जुना द्राक्षारस आहे. लेवीयच्या तिसऱ्या अध्यायात आतड्यांवरची, गुरद्यांवरची चरबी वेदीवर जाते, ती माणसाने खायची नाही. हाडातली मज्जा त्या यादीत नाही. त्रेसष्टावं स्तोत्र तर यहूदाच्या रानात, पाण्यावाचून तहानलेल्या जागी म्हटलेलं. तिथे कवीला मज्जा-मेदाच्या जेवणाची तृप्ती आठवते, आणि देवाची स्तुती करताना त्याचा जीव तसाच भरून येतो.

एका रात्री मात्र नळी फोडायची नाही. निर्गम १२:४६ प्रमाणे वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, कोकराचं एकही हाड मोडता कामा नये. पुढच्या यहूदी गुरूंनी हे मज्जेच्या हाडालाही लागू केलं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने वधस्तंभाजवळ हेच वचन आठवलं, कारण शिपायांनी येशूचे पाय मोडले नाहीत.

काही वक्ते इथे विज्ञान आणतात: मज्जेत रक्त तयार होतं, लेवीय म्हणतं जीव रक्तात आहे, म्हणजे बायबलला आधीच ठाऊक होतं! मला हे पटत नाही. मज्जेत रक्तपेशी तयार होतात, हे एर्न्स्ट नॉयमान आणि ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८६८ साली दाखवलं. त्यांचं श्रेय त्यांना द्या. ईयोबाला त्याची गरज नव्हती.

राहिलं इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रातलं ४:१२. देवाचं वचन दुधारी तलवारीहून तीक्ष्ण. जीव आणि आत्मा, सांधे आणि मज्जा यांना भेदून जाणारं. यावरून काही जण माणसाचे नेमके किती भाग, याचे तक्ते मांडतात. पत्रलेखक शरीरशास्त्र शिकवत नाहीये. मांस कापलं तरी हाड उरतं, आणि हाडाच्याही आत जे दडलेलं असतं तिथवर ही तलवार पोचते, एवढंच त्याला म्हणायचंय. आधीच्या अध्यायात त्याने रानात मन कठीण केलेल्या पूर्वजांची गोष्ट काढलीय. बाहेरून सगळे देवाचेच लोक, आत अविश्वास. म्हणून तेराव्या वचनात देवापुढे काहीच झाकलेलं नाही.

बाराव्या-तेराव्यावर थांबणारे प्रवचनकार माणसांना घाबरवून घरी पाठवतात. पत्रलेखक थांबत नाही. चौदाव्यापासून तो आपल्या दुबळेपणाची कणव असलेल्या मुख्य याजकाकडे, म्हणजे येशूकडे, वळतो, आणि सोळाव्यात म्हणतो, धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या.