पीसी तापतोय? मागच्या फॅनचं बघूया

नमस्कार मंडळी! उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो, की पीसी तापतोय, मागे कुठला एक्झॉस्ट फॅन लावू? आणि दुकानात गेल्यावर लोक पहिलं काय बघतात, तर रंगीबेरंगी आरजीबी लाइट! अहो, लाइटने गरम हवा बाहेर जात नाही हो.

आधी साइज बघा. कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर स्क्रूची चार भोकं असतात, त्यातल्या शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजा, १०५ मिलिमीटर भरलं तर १२० चा फॅन बसणार, साडेएकाहत्तर भरलं तर ८० चा. १४० ची सोय असेल तर बिनधास्त १४० घ्या, कारण मोठा फॅन हळू फिरूनही तेवढीच हवा ओढतो आणि रात्री त्याची घरघर कानाशी येत नाही.

मग सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. समजा तुमचा पीसी गेम खेळताना ३०० वॅट खातोय आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा दहाच डिग्री गरम असावी असं वाटतंय, तर साधारण ५३ सीएफएम लागतात. पण बॉक्सवर जो आकडा छापतात ना तो मोकळ्या हवेतला, जाळी आणि वायरींच्या गुंत्यातून तेवढी हवा कधीच जात नाही, म्हणून जरा वरचा बघा. आणि एक, खोलीतच ४४ डिग्री असेल, नागपूरकरांना सांगायला नको, तर कितीही भारी फॅन लावा, आतलं तापमान त्याच्या खाली येत नाही.

फॅनच्या प्लगला पिन मात्र चारच हव्यात, म्हणजे पीडब्ल्यूएम, स्पीड आपोआप बदलता येणारा फॅन. मदरबोर्ड गरजेप्रमाणे स्पीड कमीजास्त करतो. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, मोलेक्स प्लगला थेट जोडलेला फॅन दिवसभर फुल स्पीडने ओरडत बसतो. वरच्या बाजूला आडवा लावणार असाल तर साधं स्लीव्ह बेअरिंग नको, लवकर खडखडतं, फ्लुइड किंवा बॉल बेअरिंगला थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता खरी गोम. किचनच्या सगळ्या खिडक्या बंद करून एक्झॉस्ट लावला तर फोडणीचा धूर जाईल का? तसंच हे. पुढून हवा आत यायला वाट नसेल तर मागचा फॅन फटीफटीतून धूळ ओढत बसतो. म्हणून माझं मत विचाराल तर पुढे दोन आत घेणारे, पुढच्या जाळीला फिल्टर, आणि मागे एकच चांगला.

लावताना बाजू तपासा, फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते, ती बाजू कॅबिनेटच्या बाहेर. खात्री नसेल तर चालू करून जाळीपाशी टिश्यू पेपर धरा, बाहेर उडाला की बरोबर. आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल तर फॅन विकत घ्यायच्या आधी कप्प्याची मागची फळी काढा बरं का, फुकटात काम होईल.