सिरि सातकनि ते ठेसन

[दृश्य: नाणेघाटातलं लेणं. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं.]

जुन्नरहून कोकणात उतरणारी ही वाट, नाणेघाट. इथल्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते फुटले, वर कोरलेली नावं मात्र वाचता येतात. त्यातली एक ओळ अशी: ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. म्हणजे राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी.

संस्कृतात ‘श्री’, इथल्या प्राकृतात ‘सिरि’. ‘कर्णी’चं ‘कनि’. जोडाक्षर टाळायच्या दोन युक्त्या एकाच ओळीत आहेत. ‘श्री’च्या मध्ये इ घालून जोडी फोडली. ‘कर्णी’तला र मात्र पुढच्या व्यंजनात मुरला आणि ते व्यंजन दुहेरी झालं. त्या काळची ब्राह्मी दुहेरी व्यंजन एकदाच लिहायची, म्हणून दगडावर एकच अक्षर दिसतं.

मराठीची घडण मुख्यतः या दुसऱ्या युक्तीवर झाली. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात. सप्त, सत्त, सात. सर्प, सप्प, साप. दुग्ध, दुद्ध, दूध. आधी दोन वेगळी व्यंजनं एका जातीची झाली, मग त्यातलं एक गळालं आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. पंजाबी मधल्या पायरीवरच थांबली. तिथे आजही हत्थ, सत्त, दुद्ध.

मग आजच्या मराठीत एवढी जोडाक्षरं आली कुठून? बरीचशी उसनी.

[दृश्य: श्रवणबेळगोळ. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली ओळ.]

‘श्रीचावुंडराजें करवियलें.’ ‘चावुंड’मधली अनुनासिकाची जोडी सोडली, तर या मराठी वाक्यात जोडाक्षर एकच, आणि तेही संस्कृतातून परत आणलेल्या ‘श्री’त. ‘करवियलें’ कसं सुटं, मोकळं आहे बघा. पुढे ‘श्री’सारखे संस्कृत शब्द येतच राहिले. म्हणून हातानं करतो ते हस्ताक्षर, आणि आठवी तिथी ती अष्टमी.

बोलींनी जुनी सवय सोडली नाही. मंतर, धरम, परसाद. फिल्म आली, तिचं फिलिम झालं. ही ‘सिरि’चीच युक्ती. आणि स्टेशनचं ठेसन? ‘हस्त’मधला स जाता जाता त-ला थ करून गेला होता. ‘स्टेशन’मधला स जाता जाता ट-ला ठ करून गेला. मध्ये दोन हजार वर्षं गेली, जीभ तशीच वळली. ठेसन म्हणणाऱ्याला हसायचंच असेल, तर आधी नाणेघाटात जाऊन सातवाहन राजाच्या नावालाही हसून यावं.

घरच्या जोडाक्षरांची एक वेगळी जात आहे: म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह, व्ह. महिषीची म्हैस झाली, उष्णकाळाचा उन्हाळा, स्नानाचं न्हाणं. अरबीतून ‘तरह’ आला, तोही इथे ‘तऱ्हा’ झाला. दिसायला ही जोडाक्षरं, पण यांना एक व्यंजन मानायचं की दोन, यावर भाषाशास्त्रात वाद आहे. माझा कौल एकाकडे. ‘तुम्ही’ म्हणताना तु-वर जोर येत नाही. ‘पुस्तक’ म्हणताना पु-वर येतो.

हाच फरक ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांच्यात. समुद्राचा द जड, डोंगरातल्या दऱ्यांचा द हलका. लिपीनंही त्यासाठी दोन खुणा ठेवल्यात: डोक्यावरचा रफार, आणि शेजारच्या अक्षराला चिकटलेली ती छोटी आडवी रेघ.

[दृश्य: वहीवर ‘करतो’ हा शब्द लिहिणारा हात.]

आणि काही जोडाक्षरं आपण लिहीतच नाही. ‘करतो’ लिहितो सुटा, म्हणतो ‘कर्तो’. ‘बसते’चं होतं ‘बस्ते’. ओळीतल्या मात्रा मोजणाऱ्या मात्रावृत्तात यानं काही बिघडत नाही, दोन्हीकडे मात्रा चारच. लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या अक्षरगणवृत्तात मात्र कान ऐकतो गुरू-गुरू आणि वही मोजते लघु-लघु-गुरू. तिथे कवीला वहीचंच ऐकावं लागतं.