साबणाची वडी आणि महिन्याचा हिशेब

पुण्यात पर्वतीच्या उतारावर वसलेल्या जनता वसाहतीत, चढाच्या अरुंद बोळांना लागून असलेल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये, चार-पाच माणसांचे कुटुंब एका खोलीत राहते. कोपऱ्यात मोरी असते आणि मोरीच्या कठड्यावर साबणाची एक वडी, जिने अंगही धुतले जाते आणि केसही. धुणी-भांडी करणारी बाई सकाळपासून चार घरची भांडी त्या-त्या घरच्या साबणाने लख्ख घासून येते. स्वतःच्या घरची वडी मात्र महिनाअखेरपर्यंत पुरावी म्हणून मुलांच्या आंघोळी आटोपताच ती उचलून कोरड्या जागी ठेवते.

किराणा जिथे उधारीच्या वहीवर येतो, तिथे हात आखडला की तांदूळ, तेल आणि गॅस यांना कात्री लावता येत नाही. ती लागते साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि सॅनिटरी पॅडला. पेस्टच्या जागी अनेक बायकांच्या बोटावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री येते. ती स्वस्त पडते आणि तिची सवय लागली की सुटत नाही.

पाळीसाठी जुन्या साडीचे कापड वापरण्यात मुळात वावगे काही नाही. स्वच्छ धुतलेले आणि कडक उन्हात वाळवलेले सुती कापड सुरक्षित असते. अडचण आहे ती पाण्याची आणि उन्हाची. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, आडोसा नसतो, आणि चारचौघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवरच्या दोरीवर ते कापड उघडे टाकायला मन धजत नाही. मग दोरीवर आधी कापड, त्यावर परकर आणि परकरावर ओढणी, असे तीन पदर होतात. सर्वांत खालचा पदर संध्याकाळपर्यंत दमटच राहतो आणि तसाच पुन्हा वापरात येतो. खाज, पुरळ आणि जंतुसंसर्ग यांची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते, आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय असल्याने ते दवाखान्यापर्यंत उशिरा पोहोचते.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभरातून झालेल्या विरोधानंतर जुलै २०१८ मध्ये तो पूर्ण माफ झाला. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानांत, पॅड एक रुपयाला एक या दराने मिळू लागले. साबणाची वडी, टूथपेस्ट आणि शाम्पू यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तरीही उधारीवर चालणाऱ्या घराला रोख पैसे घेऊन वस्तीबाहेरचे दुकान गाठावे लागते, आणि गल्ल्यावर पुरुष बसलेला असेल तर वयात आलेली मुलगी काही न घेताच परतते.

या जागी मदत करणाऱ्यांचे काम सुरू होते, आणि ते काळजीपूर्वक करावे लागते. महिला दिनाला फलक लावून, रांगेत उभे करून, फोटो काढत एकेक पाकीट वाटले जाते. एप्रिलमध्ये त्या मुलीची पाळी पुन्हा येते, तेव्हा तिथे कोणी नसते. शिवाय रांगेत उभे राहून सगळ्यांसमोर पॅड घेणे हीच अनेकींना शिक्षा वाटते. वस्तीतल्या बचत गटाच्या ताईकडे सामान ठेवले, तर बायका भाजी आणायला निघाल्यासारख्या येऊन आपापली पिशवी घेऊन जातात. कोणाला काय कमी पडते आहे, हेही त्या ताईला न विचारता कळते.

पिशवी भरण्याआधी विचारून घ्यावे. एका घरात पॅडपेक्षा आधी निकर लागतात, कारण धड निकर नसेल तर पॅड जागेवर राहत नाही. दुसऱ्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात. मोठ्यांच्या डायपरचा खर्च इतका असतो की सून जुन्या चादरी फाडून वेळ भागवते, आणि ही गरज कोणत्याच वाटपाच्या यादीत नसते.

वापरलेले पॅड कुठे जाते, याचाही विचार देणाऱ्यानेच करायला हवा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्य घरोघरचा कचरा गोळा करतात आणि हाताने वेगळा करतात. उघडे टाकलेले पॅड त्यांच्याच हातात येते. म्हणून पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन या शहरात झाले. पॅडसोबत टाकण्यासाठी वेष्टन किंवा पिशवी उत्पादकांनीच द्यावी, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत नमूद केले होते. वाटपाच्या पिशवीत रद्दीच्या चार कागदांची घडी ठेवायला काही खर्च येत नाही.

याच शहरात गंज पेठेत १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाणी नाकारणे म्हणजे माणूसपण नाकारणे, हे त्यांनी ओळखले होते.

आता खर्चाचा हिशेब. एका बाईला महिन्याला १५ पॅड लागतात असे धरले, तर जनऔषधीच्या दराने १५ रुपये होतात आणि १०० बायकांचे १,५०० रुपये. ५० सदनिकांच्या सोसायटीने दर महिन्याला घरटी ३० रुपये बाजूला काढले, तर एका मोठ्या चाळीइतक्या बायकांची वर्षभराची सोय होते. साबणासाठी घरटी आणखी थोडे लागतील. साबण रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घाऊक भावात घेता येतो. वर्षाची वर्गणी आधी जमा करावी, सामान ठेवणारी ताई आधी ठरवावी, आणि मगच पहिली पिशवी वस्तीत न्यावी.