मार्शलचा हल्ला आणि कॅपाब्लांकाचा राजा

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे बुद्धिबळाच्या पटावरचा उतावळा हल्ला. कोणतं मोहरं कसं चालतं हे तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात वेळ घालवत नाही. पट हाताशी असेल तर मांडून घ्या. पुढे एक डाव येणार आहे, तो डोळ्यांसमोर असलेला बरा.

हल्ला उलटतो तो बहुतेकदा एकाच कारणाने. धावून जाणारी मोहरी दोन-तीन, आणि बाकीची घरात बसलेली. शाळकरी मुलांची लाडकी, चार खेळ्यांतली मात घ्या. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, काळ्यानेही तेच केलं. लगेच पांढरा वजीर एच ५ वर (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढऱ्याकडून मोजलेल्या). काळ्याने घोडा सी ६ वर काढला. पांढरा उंट सी ४ वर. आता एफ ७ वर मात दिसतेय. काळा जी ६ खेळला, वजीर हटला, एफ ३ वर आला, पुन्हा नजर एफ ७ वरच. काळ्याने दुसरा घोडा एफ ६ वर आणला. झालं. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर, आणि पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याचं घर अडवून बसलाय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! ही मात शिकवून पोरांना स्पर्धेला पाठवणारे पालक आणि शिक्षक अजून आहेत. दोन डाव जिंकून देते ती, आणि पुढची दोन वर्षं खेळ बिघडवते. असो.

आता न्यूयॉर्कला जाऊ. साल १९१८, महिना ऑक्टोबर. पांढरी मोहरी क्यूबाच्या होजे राउल कॅपाब्लांकाकडे, काळी अमेरिकेच्या फ्रँक मार्शलकडे. मार्शल म्हणजे हल्ल्याचा भोक्ता. पण १९०९ मध्ये याच कॅपाब्लांकाने त्याला सामन्यात सपाटून हरवलं होतं: आठ विजय, एक पराभव आणि चौदा बरोबऱ्या. दंतकथा अशी, की त्या दिवसापासून मार्शलने एक गुप्त अस्त्र घडवलं आणि ते नऊ वर्षं फक्त कॅपाब्लांकासाठी राखून ठेवलं. कथा झकास आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. मार्शलचाच असा एक डाव १९१७ मधला नोंदलेला आहे.

सुरुवात रुय लोपेझ या ओपनिंगची. दोघांचं कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची जोडखेळी, झालं. आठव्या खेळीला मार्शलने वजिरापुढचं प्यादं डी ५ वर ढकललं आणि ई ५ चं प्यादं सरळ देऊन टाकलं. कॅपाब्लांकाने पुढे लिहिलंय, की हे सगळं समोरच्याने घरून तयार करून आणलंय हे त्याला कळलं होतं. तरी त्याने प्यादं घेतलं.

मग काळा तुटून पडला. डी ५ वर आलेला घोडा एफ ६ वर मागे, उंट डी ६ वर, घोडा पुन्हा पुढे, जी ४ वर. तो घोडा मारला तर काळा वजीर एच ४ वर येऊन राजाच्या मागे लागतो. म्हणून कॅपाब्लांकाने तो मारला नाही, वजीर एफ ३ वर आणला. काळा वजीर तरीही एच ४ वर आलाच. आणि पंधराव्या खेळीला घोड्याने एफ २ चं प्यादं मारलं.

इथे थांबा, इथेच सगळं आहे. एफ २ वरचा तो घोडा वजिराने मारावा असं कोणालाही वाटेल. मारला, की काळा उंट एच २ वर शह देतो. राजा एफ १ वर जातो, उंट जी ३ वर येऊन वजिरावर हल्ला करतो आणि पांढऱ्याचं घर कोसळतं. मधला शह न देता उंट थेट जी ३ वर आणला असता, तर पांढरा वजीर एफ ७ वर शहासह प्यादं मारतो, काळा हत्ती वजिराला मारतो, आणि पांढरा हत्ती ई ८ वर मात करतो. आधी शह, मग जी ३. क्रम चुकला की डाव गेला. कॅपाब्लांकाने हे सगळं पाहिलं आणि घोड्याला हातही लावला नाही. त्याने हत्ती ई २ वर सरकवला.

मार्शलने उंटही दिला, जी ४ वर. कॅपाब्लांकाने तो घेतला. मग काळ्याच्या दुसऱ्या उंटाचा एच २ वर शह, राजा एफ १, उंट जी ३. आता पांढऱ्या हत्तीने एफ २ चा घोडा मारला, काळ्या वजिराचा एच १ वर शह आला, राजा ई २ वर, उंटाने हत्ती मारला. म्हणजे कॅपाब्लांकाने हत्ती परत देऊन टाकला. हे पुन्हा सांगतो: बचाव करणारा मिळालेलं सगळं पोटाशी धरून बसत नाही, वेळ आली की थोडं परत करतो. पुढे राजाने एफ २ चा उंट मारला असता, तर काळ्या वजिराने सी १ चा उंट उचलला असता. म्हणून आधी उंट डी २ वर. मग राजा डी ३, सी २ असा चालत वजिराच्या बाजूला गेला.

आता काळ्याकडे पाहा. वजीर जी १ वर, उंट एफ २ वर, दोघेही पांढऱ्याच्या कोपऱ्यात, आणि तिथे मारायला राजाच नाही! एकट्या घोड्याने पाच खेळ्या खाल्ल्या. ए ८ चा हत्ती पहिल्यांदा हलला तो बाविसाव्या खेळीला, आणि कॅसलिंगनंतर एफ ८ वर आलेला हत्ती शेवटपर्यंत तिथेच होता. पांढऱ्याचीही तीन मोहरी विसाव्या खेळीपर्यंत घरात होती, खरंय. पण हल्ला त्याने केलेला नव्हता. नंतर बी ४, ए ४, हत्ती ए ६, बी ६, बी ७ अशी त्याची प्यादी पळाली आणि छत्तिसाव्या खेळीला उंटाने एफ ७ चं प्यादं मारल्यावर डाव संपला.

घरी करण्याजोगी तपासणी एकच सांगतो. एच ७ वर उंटाचा बळी तुम्ही पाहिला असेल: उंट देऊन शह, मग घोडा जी ५, वजीर एच ५. उंट देण्याआधी बघा, समोरचा घोडा एफ ६ किंवा एफ ८ वर येऊ शकतो का, किंवा उंट एफ ५ वर. यातलं एकही जमत असेल, तर एच ७ राखलं जातं आणि एका प्याद्यासाठी उंट गेला. मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावात समोरचा घाबरून चुकतो, म्हणून असे बळी पचतात, आणि तीच सवय लागते. तीन मिनिटांचे डाव कमी करा हो.

मार्शलचा हल्ला मात्र टाकाऊ ठरला नाही. अकराव्या खेळीला घोडा मागे नेण्याऐवजी सी ६ खेळून त्याला डी ५ वर आधार द्यायचा, एवढा बदल झाला आणि १९६५ मध्ये सोव्हिएत खेळाडू स्पास्कीने तो थेट माजी जगज्जेत्या तालविरुद्ध वापरला. आजही बरेच खेळाडू पांढऱ्याकडून आठव्या खेळीला सी ३ ऐवजी ए ४ किंवा एच ३ खेळतात, ते हा हल्ला टाळायलाच. पट मांडलेला असेल तर अकराव्या खेळीशी थांबा, घोडा डी ५ वरच ठेवा, सी ६ खेळा आणि काळ्याकडून पुढचा डाव स्वतः लढवून पाहा. नमस्कार.