बोट ठेवून दाखवा

आजचा जाहीर विषय आहे डोक्याची कातडी दुखण्याची कारणं आणि उपाय. 'डोकं दुखते' म्हणत कोणी आलं की मी आधी एवढंच म्हणतो, बोट ठेवून दाखवा. तळहाताने अख्खं कपाळ झाकलं तर ती गोष्ट वेगळी. पण बोट नेमक्या जागेवर गेलं, तर केस बाजूला करून ती कातडी बघायची, दाबायची. आपण हे करत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

माझी आत्या नागपूरच्या महाल भागात राहायची. वय ७२. ऐन नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, म्हणाली, "वेणी घालताना इथं दुखून राहिलं रे." बोट डाव्या कानशिलावर. ऊन लागलं म्हणून घरच्यांनी कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. "पोळी चावताना जबडा थकून जाते," हेही तिने त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, कवळी बदलून घ्या. तीन आठवड्यांनी एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला, तो कायमचा. मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दर रविवारी तिच्याकडे जेवायचो. ती घास चघळत मध्येच थांबायची, ते मी समोर बसून बघत होतो.

त्या आजाराचं नाव जायंट सेल आर्टरायटिस. पन्नाशीनंतर होतो. कानशिलाची धमनी सुजते, वरच्या कातडीला कंगवाही सोसत नाही. जबड्याच्या स्नायूंना रक्त कमी पडतं, म्हणून चावताना थकवा. डोळ्याची रक्तवाहिनी बंद झाली की गेलेली नजर सहसा परत येत नाही. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत. संशय पक्का असेल तर स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करायचं, धमनीचा तुकडा तपासायला नंतर पाठवला तरी चालतो. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, म्हणूनच तो कोणाच्या डोक्यात येत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. जाहीर केलेला विषय तर बाकीच आहे, भरभर सांगतो.

केसतोड असेल तर गरम पाण्याने शेका, पिळू नका. वाढलं, ताप आला तर दवाखाना. घट्ट अंबाडा किंवा आवळ हेल्मेटमुळे दुखत असेल तर ते काढल्यावर तासाभरात थांबतं. अंबाडा सैल बांधा. हेल्मेट मापाचं घ्या, सोडू मात्र नका. मानेतून मागच्या बाजूने वर विजेसारखी कळ जात असेल तर ती तिथल्या नसेची, म्हणजे मज्जातंतूची. औषधं आहेत, नसेजवळ इंजेक्शनही देतात. नाण्याएवढीच गोल जागा दुखते, असंही एक दुखणं आहे.

आणि नागीण. कांजिण्यांचाच विषाणू, वर्षानुवर्षं नसेत दबून राहिलेला. एकाच बाजूला आग होते, फोड दोन-चार दिवसांनी येतात. गेरू लावत बसू नका. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. कपाळावर नागीण आहे आणि नाकाच्या शेंड्यावरही फोड दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्यात लाली नसली तरी जा.