पाणी सर्वांचं, तळ कुणाचा?

नद्यांवरच्या हक्कांविषयी बोलायचं म्हटलं की वक्ता हमखास रोमन सम्राट जस्टिनियनपासून सुरुवात करतो. हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा हे सर्वांचे, असं त्याच्या 6व्या शतकातल्या कायद्यात म्हटलंय. मीही ते सांगून मोकळा होतो. कारण प्रत्यक्ष भांडण कोर्टात गेलं की या वाक्याचा आधार फारसा पुरत नाही. न्यायाधीश फार बारीक प्रश्न विचारतात. या नदीत बोट चालते का? कुठून कुठपर्यंत? कुठल्या साली चालत होती? आणि बोट ज्यावरून गेली तो तळ कुणाचा?

पहिले तीन प्रश्न जाण्यायेण्याच्या हक्काचे, चौथा मालकीचा. माझं म्हणणं असं की हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत की वाद चिघळतो, आणि बहुतेक वेळा ते वेगळे ठेवले जात नाहीत.

‘डॅनियल बॉल’ ही 123 टनांची आगबोट. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ग्रँड नदीत माल आणि उतारू घेऊन फिरायची. पाण्यात जेमतेम दोन फूट बुडायची. केंद्र सरकार म्हणालं, परवाना नाही, दंड भरा. मालकांचं उत्तर: आमची बोट एकाच राज्यात फिरते, केंद्राचा काय संबंध? 1871 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, पण तो आज आठवतो तो त्यातल्या कसोटीसाठी. इंग्लंडात भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर नदीवर जनतेचा हक्क मानायची जुनी रीत होती. मिसिसिपीसारख्या नदीला ती लावणार कशी? समुद्रापासून शेकडो मैल आत भरती कुठून येणार? तेव्हा न्यायालय म्हणालं, नदी तिच्या नेहमीच्या स्थितीत व्यापाराचा आणि प्रवासाचा रस्ता म्हणून वापरली जाते, किंवा तशी वापरता येण्याजोगी आहे, एवढं पाहायचं. त्या ‘किंवा’वर पुढे वकिलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या.

अमेरिकेच्याच मोंटाना राज्यातला खटला बघा. 2003 साली तिथल्या काही शाळकरी मुलांच्या पालकांनी दावा लावला. वीज कंपनीची धरणं नदीच्या तळावर उभी आहेत, तो तळ शाळांसाठी राखलेल्या सरकारी जमिनीत मोडतो, तेव्हा भाडं द्या. पुढे राज्य सरकारही त्यात उतरलं, आणि राज्याच्या न्यायालयांनी सुमारे 4 कोटी 10 लाख डॉलर मंजूर केले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. तळ राज्याला मिळतो तो राज्य संघात सामील झालं त्या दिवशी, म्हणजे 1889 साली, नदी बोटी चालण्याजोगी असेल तरच. शिवाय अख्खी नदी एका मापाने मोजायची नाही, टप्प्याटप्प्याने पाहायची.

आता मोंटानातल्या मिसूरी नदीवर ग्रेट फॉल्सपाशी एकापाठोपाठ एक पाच धबधबे आहेत. 1805 च्या उन्हाळ्यात लुईस आणि क्लार्क यांची पश्चिमेकडचा मुलूख धुंडाळणारी मोहीम तिथे पोचली तेव्हा त्यांनी झाडाच्या बुंध्याच्या चकत्या कापून चाकं केली, त्यांवर होड्या चढवल्या आणि सुमारे 18 मैल माळरानावरून ओढत नेल्या. दोनशे वर्षांनी ती ओढाताण पुराव्यात दाखल झाली. जिथे होडी गाड्यावर घालून न्यावी लागते, तिथली नदी रस्ता कशी? मालकीचा निवाडा असा जुन्या तारखेवर करणं मला पटतं. जमिनीच्या हक्काला कुठलीतरी तारीख लागतेच. पण आज त्याच पाण्यातून कॅनू, म्हणजे वल्ह्याची हलकी होडी, न्यायची की नाही, हे 1889 सालच्या वाहतुकीवरून ठरवायचं कारण नाही. खुद्द त्या निकालातही लोकांच्या वापराचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांवर सोडलेला आहे. मोंटानाने तो 1984 च्या निकालात आणि 1985 च्या कायद्यात आधीच सोडवला होता. नेहमीच्या पूररेषेच्या आत, काठाची जमीन कुणाचीही असो, लोकांना नदी वापरता येते.

कोलोराडोत मात्र उलट. 1976 साली काही जण तराफ्यांवरून एका गुरांच्या कुरणातून वाहणाऱ्या नदीतून निघाले. खडक चुकवताना, खोली अजमावताना तळाला अधूनमधून स्पर्श झाला. तळ कुरणाच्या मालकाचा, म्हणून फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा, आणि 1979 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ती शिक्षा कायम झाली. म्हणजे पाणी सार्वजनिक, पण पाय टेकला की गुन्हा. उथळ, दगडांनी भरलेल्या नदीत पाय न टेकता जाऊन दाखवा म्हणावं! शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या न्यायालयाने 2022 मध्ये हा फरकच नाकारला: पाण्याचा हक्क आहे तर त्यासाठी तळावर चालणं, पाण्यात उभं राहणं ओघानेच आलं. फक्त खासगी जमीन तुडवत नदीपर्यंत पोचता येणार नाही.

या तळाच्या गोष्टीला इंग्लंडमध्ये एक मजेदार जोड आहे. वीस वर्षं लोक एखाद्या जमिनीवरून बिनदिक्कत येत-जात असले की तिथे सार्वजनिक वाट तयार होते, असा तिथला कायदा. यॉर्कशरच्या डरवेंट नदीसाठी झटणाऱ्या एका संस्थेने म्हटलं, नदीलाही हाच नियम लावा. कायद्याच्या व्याख्येत ‘पाण्याखालची जमीन’ हे शब्द आहेतच. 1991 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नकार दिला. ते शब्द उतारासाठी, म्हणजे माणूस नदी पायी ओलांडतो त्या जागेसाठी आहेत, बोट जमिनीवरून जात नाही. एकीकडे बोट जमिनीला शिवते म्हणून गुन्हा, दुसरीकडे शिवत नाही म्हणून हक्क नाही. दोन्ही निकाल वाचले तर तर्कशुद्ध वाटतात, हीच पंचाईत.

त्याच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये 1976 साली स्कॉटलंडच्या स्पे नदीचा वाद आला होता. सॅमन मासेमारीचे हक्क असलेले मालक विरुद्ध कॅनू शिकवणारी शाळा. शाळेने काय दाखवावं? जुन्या काळी वरच्या जंगलांतलं लाकूड याच प्रवाहात सोडून समुद्राकडे नेत, तराफेही जात. ते कधीच बंद पडलं होतं आणि ते फक्त खालच्या दिशेने होतं. तरी लॉर्ड्सनी मानलं की एकदा सिद्ध झालेला नौकानयनाचा हक्क न वापरल्याने जात नाही, आणि ओंडक्यांनी मिळवून दिलेला हक्क कॅनूला चालतो. ज्या नदीत कुणी कधी लाकूड सोडलं नाही, तिथल्या शाळेने काय करायचं हे त्या निकालात नव्हतं. त्याचं उत्तर 2003 च्या स्कॉटिश कायद्याने दिलं: जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही नद्या आणि सरोवरांत जाता येईल, मोटारबोटी सोडून. इंग्लंडमध्ये तसा कायदा नाही, आणि डरवेंटचा निकाल अजून कायम आहे.