करकर

[दृश्य: सकाळ. कोल्हापूरची चप्पल लाईन. अर्धी उघडलेली दुकानं. चालत येणारे पाय. संगीत नाही, फक्त चपलांचा आवाज.]

चप्पल लाईनीत सकाळी लवकर आलात, तर माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. पायात नवं पायताण असलं की ते बोलतंच. आमच्या थोरल्या मामांची हयात या आवाजात गेली. गिऱ्हाईक चार पावलं चालून दाखवतं, मामा मान खाली घालून नुसतं ऐकतात आणि सांगतात, "उजवी सैल हाय. काढा, आवळून देतो."

अशा माणसाला घेऊन आम्ही जानेवारीत मनालीला गेलो. मी, आई, मामा आणि एक कॅमेरा.

[दृश्य: रेल्वेची खिडकी, मग रात्रीची बस, मग पहाटे बियास नदीच्या काठाने चढणारा रस्ता.]

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे 2050 मीटरवर. आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. या दोन गावांमध्ये आगगाडीची दोन दिवसांची बडबड, दिल्लीहून रात्रभराची बस आणि डबाभर भडंग एवढं अंतर आहे.

निघताना गल्लीतला प्रत्येक जण एकच विचारत होता, "स्कीइंग करणार का?" मामांच्या गुडघ्याला मांडी घालायचीही बंदी. आईचं म्हणणं, या वयात हातपाय मोडून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं, रंकाळ्यावर शेवाळ आहे की. म्हणजे स्कीइंग बाद. मग बर्फाच्या गावात करायचं काय, हे शोधायला आम्हाला सहा दिवस होते.

[दृश्य: सोलंगचा रस्ता. नंबर लिहिलेली दुकानं, बाहेर टांगलेले लाल-पिवळे-निळे पोशाख.]

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली. सोलंग म्हणजे मनालीजवळचं बर्फात खेळायचं खोरं. त्याच्या वाटेवर बर्फाचे कपडे भाड्याने देणारी दुकानं लागतात. प्रत्येकाला नंबर. गाडीवाला ज्या नंबरपुढे ब्रेक मारेल, ते आपलं दुकान. तिथे पायापासून गळ्यापर्यंतचा एक पोशाख आणि गमबूट मिळतात. मामांनी बूट उलटा केला, तळ दाबला, नाकाजवळ नेला. "रबर. ह्यात पायानं श्वास कुठनं घ्यायचा?" पायाने श्वास घेतला नाही, पण पाणी घेतलं. डाव्या बुटाला टाचेजवळ चीर होती. अर्ध्या तासात मोजा ओला, आणि तिथल्या थंडीत ओला मोजा म्हणजे पायात बर्फाची लादी. दुकानदाराने परत जाताना पैसे काही कमी केले नाहीत.

सोलंगमध्ये ट्यूबवर बसून घसरता येतं, बर्फावरची स्कूटर आहे, याकवर बसून फोटो आहे. स्कीवाले हात धरून वीस-पंचवीस पावलं घसरवतात आणि फोटो काढून परत आणतात. त्याला स्कीइंग म्हणायचं असेल तर म्हणा. ते खरोखर शिकायचं असेल, तर मनालीत 1961 साली सुरू झालेली गिर्यारोहण संस्था आहे, तिचे दोन-दोन आठवड्यांचे वर्ग असतात. आम्ही एक प्लेट मॅगी खाल्ली आणि निघालो.

[दृश्य: दुसरा दिवस. रात्रभर बर्फ पडून गेलेला. देवदारांचं बन. पायवाट.]

हा बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात हिमालयाला धडकतात, त्यांच्या ओलाव्यातून तो पडतो. ते आले नाहीत, तर जानेवारीतही मनाली कोरडी राहते आणि हॉटेलवाले आपल्या शेतकऱ्यासारखे आभाळाकडे बघत बसतात. आमचं नशीब बरं होतं.

सकाळी ढुंगरीच्या बनात चालायला गेलो. शंभर-सव्वाशे पावलं कोणी बोललं नाही. मग मामा थांबले.

[आवाज: बर्फावर पडणारी पावलं. दहा सेकंद निवेदन नाही.]

"आरं, हे करकरतंय!"

खरंच. आपल्या चपलेची करकर कातड्यावर कातडं घासून येते. इथे बर्फाचे कण पायाखाली दबतात, एकमेकांवर घासतात, मोडतात. थंडी जितकी कडक, तितका आवाज मोठा. पारा शून्याजवळ आला की कणांमध्ये पाण्याचा पातळसा थर येतो आणि आवाज मऊ पडतो. ही माहिती मी रात्री वाचून काढली. मामांनी ती त्याआधीच कानाने काढली होती. दुपारी परतताना म्हणाले, "सकाळी नवं होतं, आता घालून घालून मऊ झालंय."

[दृश्य: हिडिंबेचं मंदिर. उतरत्या छपरांवर बर्फ. लाकडी दारावरचं कोरीवकाम. भिंतीला लावलेली रानबोकडांची शिंगं.]

बनाच्या मधोमध हिडिंबेचं मंदिर आहे. महाभारतात भीमाची राक्षसीण बायको म्हणून आपण तिला ओळखतो. इथे ती देवी आहे, कुलूच्या राजघराण्याची आजी म्हणून मानाची. मंदिर 1553 सालचं, राजा बहादूर सिंहाने बांधलेलं. देवदाराच्या लाकडाचं, एकावर एक चढत जाणारी छपरं. आत मोठा खडक आहे आणि पूजा होते ती दगडावरच्या पावलांची.

पण तिथपर्यंत जायचं ते अनवाणी. बूट काढले आणि गोठलेल्या फरशीवर पाय ठेवला. पहिली दोन पावलं पोळल्यासारखं झालं, तिसऱ्या पावलाला पाय आपला आहे हेच कळेना. मामा मात्र आत पावलांपुढे बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "देवीचं माप लहान हाय."

[दृश्य: वशिष्ठ गाव. दगडी हौद. वाफ. कठड्यावर बर्फ.]

आता आमच्या सहलीतली सगळ्यात चैनीची गोष्ट, आणि ती फुकट आहे.

मनालीपासून तीनेक किलोमीटरवर, नदीच्या पलीकडच्या चढावर, वशिष्ठ नावाचं गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे. पावसाचं, बर्फाचं पाणी डोंगराच्या भेगांमधून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. गंधकाचा वास येतो, पण दोन मिनिटांत नाक सरावतं. देवळाशेजारी दगडी हौद बांधलेत, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे.

सकाळी सातला पोचलो. कपडे काढून हौदापर्यंत जाण्याची ती पाच पावलं हीच काय ती शौर्याची. मग मामा पाण्यात उतरले, गळ्यापर्यंत. डोक्यावर भुरभुर बर्फ पडतोय, केसांवर पांढरं साचतंय आणि खाली गुडघा शेकतोय. शेजारी गावातले चार म्हातारे निवांत बसलेले. कोणाला घाई नाही. पंचगंगेच्या घाटावर पहाटे पोहायला जाणाऱ्यांचे जसे ठरलेले दगड असतात, तशा यांच्या ठरलेल्या जागा. एकाने मामांना हाताने खूण केली, इकडे सरका. पाणी आत येतं तिथे जास्त कढत असतं आणि गुडघेदुखीवाल्यांची जागा तीच. आता माझ्या मामांच्या गुडघ्यावर औषधपाण्याचा एवढा खर्च झालाय की त्यात एक गाय आली असती. त्या दिवशी ते उतारावरून काठी न टेकता खाली आले. झऱ्याचा गुण म्हणा की शेकल्याचा, मी डॉक्टर नाही.

या गावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मुलं मारली गेल्याच्या दुःखात वशिष्ठ ऋषींनी स्वतःला दोरखंडाने बांधून नदीत लोटून दिलं. नदीने दोर सोडवले आणि त्यांना काठावर आणून ठेवलं. म्हणून ती विपाशा, पाश सोडवणारी. विपाशेची पुढे बियास झाली.

[दृश्य: आई, ओले केस टॉवेलात, कॅमेऱ्याकडे बघून हसते.]

आई बायकांच्या हौदातून तासाभराने बाहेर आली ती एक आमंत्रण घेऊन. आईचं हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटीला 'है' लावलेलं. तेवढ्यावर तिने नग्गरजवळच्या एका बाईंशी ओळख काढली होती. उद्या जेवायला बोलावलंय म्हणाली.

[दृश्य: नग्गर. दगड आणि लाकडाच्या आडव्या थरांची घरं.]

नग्गर मनालीपासून वीसेक किलोमीटर. कुलूच्या राजांची जुनी राजधानी. तिथला किल्लेवजा वाडा दगडाचा एक थर, लाकडाचा एक थर असा रचत बांधलाय. 1905 चा कांगड्याचा भूकंप त्याने उभ्याने सोसला. रशियन चित्रकार निकोलस रोरिक 1928 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1947 पर्यंत, याच गावात राहिले. त्यांचं घर बघायला मिळतं, चित्रंही. पण आम्हाला जेवणाची ओढ होती.

[दृश्य: खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी, वर छतातून बाहेर गेलेला धुराडा. भोवती माणसं.]

या शेगडीला इथे तंदूर म्हणतात. रोटीचा नव्हे, ऊब देणारा. हिवाळ्यात सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. त्याच्यावर चहा, त्याच्याशेजारी ओले मोजे, त्याच्यापुढे आजी. जेवायला सिड्डू होता. गव्हाचं पीठ आंबवून, आत अक्रोड आणि खसखशीचं सारण भरून वाफवायचं, मधून कापायचं आणि तुपात बुडवायचं. दिसायला मोठी करंजी, हाताला इडलीसारखी मऊ. आम्ही दोन-दोन खाल्ले. मामांनी पिशवीतून कांदा-लसूण चटणी काढली आणि सिड्डूला लावली. घरच्या मुलाने चाखून बघितली. त्याच्या डोळ्यांत पाणी, तोंडाने "और है?"

[दृश्य: खिडकीपाशी हातमाग. बोटं. लाल, हिरवा, पिवळा धागा.]

आणि हे बघा. याच्यासाठी मी कॅमेरा आणला होता, फक्त तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

हिला खड्डी म्हणतात. सफरचंदाच्या बागा झोपलेल्या, शेत बर्फाखाली, मग हिवाळ्यात हात मागावर. आधी इथे साधे पट्टू विणायचे, बायकांनी अंगाभोवती गुंडाळून चांदीच्या काट्याने अडकवायचे. 1940 च्या आसपास बुशहर संस्थानातून विणकर आले आणि त्यांच्याबरोबर ही भौमितिक नक्षी आली. नक्षीचा प्रत्येक रंग बोटांनी उचलून उभ्या धाग्यांत घालायचा. एक ओळ झाली की फणी ओढायची. ठक. मग पुन्हा बोटं. मी घड्याळ लावलं होतं, पण बघता बघता विसरलो.

इचलकरंजीत आमच्या मावशीच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. तिथे जेवताना भाजी वाढ म्हणायचं तर ओरडावं लागतं. इथे मागावर बसलेली बाई दोन ठोक्यांमध्ये आईला सिड्डूची कृती सांगत होती आणि सगळं ऐकू येत होतं.

मामांची नजर दुसरीकडेच. दाराशी ठेवलेल्या पायताणांवर. यांना पूला म्हणतात. भांगेच्या झाडाच्या तंतूंची दोरी वळून केलेलं पायताण. कातडं अजिबात नाही, कारण देवाच्या कामाला कातडं चालत नाही. मामांनी एक जोड हातात घेतला तो घेतलाच. टाका मोजला, दोरीचा पीळ बघितला, अंगठ्याने तळ दाबला. आजी बघत होती. निघताना तिने तो जोड वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, पैसे घेतले नाहीत. मामांनी बदल्यात पायातलं कापशी, म्हणजे आपलं कोल्हापुरी पायताण, काढून दिलं आणि आईच्या सपातांवर हॉटेल गाठलं.

[दृश्य: बोगद्याचे दिवे, मग एकदम पांढरा उजेड.]

अटल बोगदाही पाहिला. 9.02 किलोमीटर, 2020 पासून खुला. एका तोंडाने कुलूत शिरायचं, दुसऱ्या तोंडाने डोंगरापलीकडच्या लाहौलमध्ये निघायचं. पूर्वी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की पलीकडची माणसं पलीकडेच. आता तिथे पर्यटकांच्या गाड्यांची रांग. आम्हीही रांगेतच होतो.

[दृश्य: गोशाल गाव, लांबून. कॅमेरा स्थिर.]

शेवटचा दिवस. मनालीजवळचंच हे गोशाल.

आपण संक्रांतीला तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतो. इथे संक्रांतीपासून बोलणंच कमी करतात. श्रद्धा अशी की गौतम ऋषी, व्यास ऋषी आणि नागदेवता 42 दिवस स्वर्गात जातात, त्यांच्या वाटेत गोंगाट नको. गोशाल आणि आसपासच्या गावांत टीव्ही बंद, देवळातली घंटा गप्प, शेतात कुदळ नाही. देवळात जमिनीवर माती लिंपून दार लावून घेतात. देव परतले की दार उघडतं आणि त्या मातीत काय उमटलंय त्यावरून गावाचं पुढचं वर्ष वाचतात.

आई हळूच म्हणाली, "किरणोत्सवाला आपण दिवे मालवतो, तसंच की." किरणोत्सव म्हणजे मावळतीची किरणं आमच्या अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात ते दिवस. त्यासाठी 31 जानेवारीच्या आत घरी पोचायचं हे तिने निघतानाच बजावलं होतं.

माझ्या बॅगेत ड्रोन होता. तो बॅगेतच राहिला. माइकही बंद केला. म्हणून पुढच्या दृश्यांना आवाज नाही. तुमच्या मोबाइलमध्ये बिघाड नाही.

[दृश्य: छपरांवरचा बर्फ. धूर. दाराशी बसलेली कुत्री. आवाज नाही. वीस सेकंद.]

[दृश्य: कोल्हापूर. दुपार. दुकानाच्या मागच्या खोलीत मामा. शहाबादी फरशी.]

परत येऊन आठवडा झाला. मामांनी पूला अजून उसवला नाही, पण उसवणार, हे त्यांच्या तोंडावर दिसतंय. आज तो पायात घालून खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. थांबले. पुन्हा चालले, मान खाली घालून.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले, "पण ह्याला ऐकायचं कसं?"